घुमऱ्या खाते तरी काय?

"यंदाच्या मंडईले मी असं नाटक देतो, असं देतो, का दिघोरीवाले तोंडात बोट घालतीन!"

तोंडातल्या टाचण्या काढून भोजराज टेलरनं भर दुकानात ही घोषणा केली. दिवाळी आणि तिच्या मागोमाग भरणारी गावची जत्रा, म्हणजे मंडई, अगदी तोंडावर आली होती, खुंटीवर निम्म्या कोंढा गावाच्या पँटी बिनबटणाच्या लटकत होत्या, आणि घोषणा ऐकायला दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, मंगरू. तो म्हणाला, "नाटक मंग दे गा. आधी माही पँट दे!"

पण भोजराजच्या डोक्यात पँट नव्हती. घुमऱ्या होता!

आता हा घुमऱ्या कोण, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी कोंढ्याच्या मंडईत दिघोरीच्या मंडळीनं एक नाटक केलं. त्यात तलावातून हा प्राणी निघाला. डोक्यावर दोन शिंगं, पाठीवर शेवाळ, गळ्यात शिंपल्यांची माळ! तो एकदा असा घुमला की पुढं बसलेली पोरं मागं पळाली आणि मागच्या म्हाताऱ्या पुढं सरकल्या. शेवटी राजानं भाला मारून त्याला तलावात बुडवलं. जिंकला राजा, पण टाळ्या नेल्या घुमऱ्यानं. भोजराज तर त्याच्यापायी पार वेडा झाला. घुमऱ्या मेलाच नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तो तळाशी गाळात दडून बसलाय, आणि त्याची पुढची हकीगत दिघोरीवाले लिहीत नसतील तर ती आपण लिहावी!

यामागं त्याचं एक जुनं दुखणंही होतं. इतकी वर्षं तो गावच्या नाट्य मंडळात प्रॉम्टर होता. विंगेत उकिडवं बसायचं आणि दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजायची. नाटक संपलं की अध्यक्ष टिकारामजी भोंग्यावरून सगळ्यांची नावं घ्यायचे. राजा, राणी, पेटीवाला, तबलजी, इतकंच काय, सतरंज्या देणाऱ्याचंही! प्रॉम्टरचं नाव कधी म्हणजे कधी नाही. यंदा त्या भोंग्यातून 'लेखक भोजराज' एवढे दोन शब्द ऐकायचे, मग मेलो तरी चालेल, असं त्यानं ठरवलं होतं. टिकारामजी म्हणालेही होते, "नाटक रंगलं तर नाव घेतो. फजिती झाली तर जनमभर विंगेत बस!"

पहिला प्रवेश त्यानं घरी वाचून दाखवला. श्रोते दोन, बायको चंद्रकला आणि धाकटी बहीण मंदा. मंदा लग्नाची होती, पण पाहायला आलेल्या मुलांना उलट असे प्रश्न विचारायची की मुलं अर्धा चहा कपातच सोडून बस गाठत. आता तोच मारा भावावर झाला.

"दादा, घुमऱ्या सालभर गाळात दडून होता म्हन्तेस. मंग तो खात काय होता?"

भोजराजनं कागद उलटसुलट चाळले. त्यानं शिंगं लिहिली होती, डोळे लिहिले होते, नगाऱ्याएवढं पोट लिहिलं होतं. पोटात काय जातं, तेवढंच राहून गेलं होतं.

"मासोळ्या खाते," त्यानं ठोकून दिलं.

"मंग ढिवर नाटक पाहाले येतीन का? तलाव त्यायनं ठेक्यानं घेतला हाय. त्यायच्या मासोळ्या हा फुकट खाते?"

"बरं, धान खाते!"

"अवो बापा!" चंद्रकला किंचाळली. "धान कापाले आलं अन् तुमी भर मंडईत असं अभद्र बोलता?"

"मंग मानसं खाते! झालं?"

"त मागच्या साली राजाले काहून नाई खाल्लं?" मंदा म्हणाली. "समोरच त उभा होता!"

त्या दिवसापासून भोजराजची झोप उडाली. बसला तर उठावंसं वाटे, उठला तर बसावंसं वाटे. घुमऱ्या गवत खातो म्हणावं, तर त्याला भिणार कोण, गवत? काहीच खात नाही म्हणावं, तर ते पोट कशाचं? कापड कापता कापता तो थबकायचा आणि शून्यात पाहत विचारायचा, "शिंगाडे चालतीन का?" गिऱ्हाइकं कात्रीपासून लांब सरकायची. सरपंचाच्या सदऱ्याला खिसा पाठीवर बसला. मंगरूच्या पँटीचे तर दोन्ही पाय डाव्या बाजूचे निघाले, ती पुन्हा उसवावी लागली.

शेवटी त्याला युक्ती सुचली. ज्यानं घुमऱ्याचं काम केलं त्यालाच विचारावं! आणि हेच काम आपल्याकडं पुन्हा कर, म्हणून गळही घालावी. गळ्यात मापाची फीत तशीच लटकवून भोजराज दिघोरीच्या एस.टी.त चढला.

घुमऱ्या झाला होता धनीराम. अंगानं हत्ती, मनानं वासरू आणि अजून बिनलग्नाचा. मुलीकडचे येत, त्याला जेवताना पाहत आणि 'आमची ऐपत नाही' म्हणून हात जोडत. त्याची आई देवकाबाई या काळजीनं अर्धी झाली होती.

आणखी एक गोष्ट. या मुलखात मुलगा पाहायला आलेला माणूस 'मुलगा पाहायला आलो' असं कधीच म्हणत नाही. 'बैल घ्याचा होता', 'बियान्याचं धान पाह्याचं होतं' असं काहीतरी सांगून ओसरीवर टेकतो, आणि मग हळूच मुलाच्या खाण्यापिण्यावर येतो. देवकाबाईंनी असे कितीतरी बैल घेणारे पाहिले होते.

"राम राम बाई. मी कोंढ्याचा भोजराज. मंडईच्या नाटकासाठी आलो."

देवकाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बैल ऐकला होता, बियाणं ऐकलं होतं. नाटक नवीन होतं!

"बसा जी, बसा! घरी कोन कोन असते तुमच्या?"

"बायको हाय, एक बहीन हाय."

"लगन झालं बहिनीचं?"

"नाई अजून. ते राहू द्या. मले त घुमऱ्याचं इचाराचं हाय. धनीरामभाऊ, तो खाते काय?"

धनीराम तोंड उघडणार, तोच देवकाबाई मध्ये पडल्या. मुलगी देणाऱ्याला मुलाला मुलगा म्हणायला लाज वाटते, म्हणून हा बिचारा घुमऱ्या म्हणतोय, हे त्यांनी ओळखलं होतं.

"खानं म्हनाल त कायच नाई बापा! वाटीभर भात अन् वर ताक."

धनीराम आढ्याकडं पाहू लागला.

"बस, एवढंच?" भोजराजचा चेहरा पडला. "मटन? मच्छी?"

"वासबी नाई!"

"दारू?"

"शिव शिव!"

"राग तरी येत असन ना? घुमत असन जोरानं?"

"तोंडातून शबद नाई निघत जी. गाय हाय गाय!"

भोजराज खट्टू झाला. पण मूळ घुमऱ्याच्या घरून आलेली माहिती, ती खोटी कशी म्हणायची? मोठा प्राणी थोडंसंच खातो, यातही काही खोल असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि गळ्यातली फीत काढली. "उभे राहा भाऊ, अंगाचं माप घेतो."

देवकाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नवऱ्या मुलाचे कपडे मुलीकडचे शिवतात. हा तर स्वतः टेलर, आणि पहिल्याच भेटीत माप घ्यायला लागला!

"एवढी घाई, जी?"

"मंडई जवळ आली बाई, मंग टाइम कुठी भेटते? याच तुमी मंडईले!"

"येतो ना! आमचे चार सोयरे घेऊन येतो!"

"आना! जेवढे जास्त तेवढं बरं!" भोजराज म्हणाला. प्रेक्षक कोणाला नको असतात?

मंडईचा दिवस उजाडला. भोंग्यावाल्याला रात्री दुसऱ्या गावची सुपारी होती, म्हणून नाटक दुपारीच ठेवलं होतं. मांडव उभा होता, पाळणे गरगरत होते, चंद्रकला पहाटेपासून पाहुण्यांसाठी मोठाली पातेली भरून, गंजावर गंज भात रांधत होती. तेवढ्यात दिघोरीहून बैलांना झुली घातलेल्या दोन बंड्या येऊन थांबल्या. भोजराज हर्षानं धावला. "आला! माहा घुमऱ्या आला!"

देवकाबाईंनी उतरल्या उतरल्या ओटीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला. वा! रंगदेवतेसाठी आठवणीनं नारळ आणला! भोजराजनं तो कपाळाला लावला, तडक मांडवात नेला आणि सगळ्या गावादेखत रंगमंचावर फोडला. वाट्या घेऊन तो परत आला, तेव्हा बंड्यांतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"आता पोरीले बोलवा जी," देवकाबाई म्हणाल्या. "लुगडं द्याचं हाय."

"कोनत्या पोरीले?"

"तुमच्या बहिनीले! आनखी कोनत्या?"

भोजराजच्या हातातल्या नारळाच्या वाट्या गळून पडल्या. "बाई, मी... मी त नाटकासाठी आलो होतो!"

"ते त सगळेच म्हन्तेत!" देवकाबाईंचा आवाज चढला, आणि मग फुटलाही. "पोराचं खानंपिनं इचारलं, अंगाले फीत लावली, गावादेखत नारळ फोडला. आता नाई म्हनता? माह्या लेकानं घरी जाऊन तोंड कसं दाखवाचं?"

धनीराम झूल चाचपत बैलाच्या आड लपायला पाहत होता, पण बैल पुरत नव्हता. भोजराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या एका काल्पनिक जनावराच्या पोटापायी एका खऱ्या माणसाची भरचौकात मान खाली गेली होती.

गलका ऐकून मंदा पुढं आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि थेट धनीरामसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी सांगा. खाता काय?"

धनीरामनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं. "माय खोटं बोलली. मी गंजभर भात खातो. मटन खातो, मासोळी खातो. वाढलं त आनखी खातो."

मंदा खळखळून हसली. "आतापावतर जे आले ते समदे 'काय नाई खात, काय नाई पेत' म्हने. खरं बोलनारा हा पयला! दादा, मले पोरगा पसंत हाय."

मांडवात एकच आरोळी उठली. भोजराजनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि शिंगांची टोपी धनीरामच्या डोक्यावर चढवली. "चला जवाईबापू, नाटकाचा टाइम झाला!"

"थांब!" टिकारामजी काठी आपटत आले. "शेवटी काय करतेस तू याचं?"

"राजा भाला मारते."

"कोनाले? गावच्या जवायाले? भर मंडईत, सोयऱ्यायच्या समोर? बह्याड झाला का तू!"

बरोबरच होतं! जावयाला शब्दानं दुखवत नाहीत, तिथं भाला? भोजराज मटकन खाली बसला. पेटीवाल्यानं सूर धरला होता, लोक शिट्ट्या मारत होते, आणि त्याच्या नाटकाचा शेवटच कापला गेला होता.

"मंग करू काय त्याचं?" तो केविलवाणं म्हणाला.

"पाहुना हाय ना?" मंदा म्हणाली. "जेवाले घाल!"

आणि झालंही तसंच. शेवटच्या प्रवेशात राजानं भाला बाजूला ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, "घुमऱ्या महाराज, पान मांडलं हाय, बसा!" भोजराजच्या घरून आलेला भाताचा गंज रंगमंचावर ठेवला गेला. वरण आलं, वडे आले. धनीराम बसला, आणि जेवला! काय जेवला! गंज रिकामा झाल्यावर तो असा तृप्तीनं घुमला की पाळण्यातली माणसंही खाली पाहू लागली. "वाढा! आनखी वाढा!" लोक ओरडत होते. पुढं बसलेल्या ढिवरांच्या बायांनी आपणहून मासोळीच्या रश्शाचं पातेलं वर पाठवलं. धनीरामनं तेही पुसून खाल्लं. देवकाबाई तेवढ्या पदरात तोंड लपवून बसल्या होत्या.

नाटक तुफान रंगलं! विंगेत भोजराज मात्र हातातले कागद घेऊन उभा होता. त्यातलं एकही वाक्य शेवटी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. जेवणाऱ्याला काय प्रॉम्ट करणार?

भोंगा खरखरला. टिकारामजींनी राजाचं नाव घेतलं, राणीचं घेतलं, पेटीवाल्याचं, तबलजीचं, सतरंज्यांचं घेतलं. भोजराजचं काळीज मशीनच्या सुईसारखं खालीवर होत होतं.

"अन् आता ज्यायच्यामुळं आजचं नाटक झालं, ते आपले भोजराज टेलर..."

भोजराजनं कॉलर नीट केली, छाती पुढं काढली आणि रंगमंचावर पाऊल टाकलं.

"...यायच्या घरून आजचा भात, वरन अन् वडे आले! टाळ्या!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. भोजराज हात जोडून तसाच उभा राहिला. विंगेतून चंद्रकला रिकामा गंज दाखवत विचारत होती, की घरी बसलेल्या पाहुण्यांना आता नाटक वाढू का? आणि तिच्या शेजारी, कमरेला टॉवेल गुंडाळून, मंगरू उभा होता.

"नाव झालं ना गा तुहं?" तो म्हणाला. "आता माही पँट दे!"