एकही टॉवेल नको

झेंडा चुकला होता. संगमेशच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या झेंड्याचे दोनशे टॉवेल टेबलावर रचलेले होते आणि मंत्रीणबाई त्यातला एक उलटसुलट करून बघत होत्या.

दोनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या एका बेटाच्या त्या उद्योगमंत्री. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला संगमेशचा टॉवेलचा कारखाना बघायला आल्या होत्या. मोठी ऑर्डर मिळणार म्हणून त्यानं घरातल्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात बघून त्यांचा झेंडा टॉवेलवर विणून घेतला होता.

दुभाषी म्हणून आलेली ऋतुजा त्याच्या कानाशी लागली. "सर, हा त्यांचा नाहीये! त्यांच्यावर राज्य करून गेले ना, त्यांचा आहे!"

टॉवेल लपवावेत म्हणून संगमेशनं सगळी थप्पी उराशी कवटाळली, तसाच मागं सरकला, आणि वरचे दोन टॉवेल चालत्या मागात गेले. खाडकन आवाज झाला. धागे तटातट तुटले. माग बंद.

"मालक, बाजूला व्हा की!" म्हणत इमामसाब धावला. वीस वर्षं माग दुरुस्त करणारा माणूस. दहा मिनिटांत त्यानं माग सुरू केला आणि तेलानं काळे झालेले हात जवळच्या टॉवेलला खसाखसा पुसले. भर झेंड्यावर!

"इमामसाब! काय केलं हे तुमी?"

मंत्रीणबाई मात्र खो खो हसत सुटल्या. पुढं झाल्या आणि त्यांनीही त्याच टॉवेलला हात पुसले. दोनदा.

संगमेशच्या जिवात जीव आला. "किती टॉवेल पाठवू, विचारा की मॅडमना."

ऋतुजानं विचारलं, ऐकलं आणि घुटमळली. "एकही नको म्हणतायत. पूर्वी त्यांचा कापूस बाहेर जायचा अन् टॉवेल बाहेरून यायचे. आता नव्या सरकारनं बाहेरच्या टॉवेलवर बंदी घातलीय. तिथंच विणायचं, असं धोरण आहे. तुमचे जुने माग विकत पाहिजेत त्यांना. आणि..."

"आणि काय?"

"दोन वर्षांसाठी इमामसाब."

संगमेशनं इमामसाबचा हात धरला. माग गेले तर दुसरे येतील, पण इमामसाब? "व्हय म्हणू नका हं," तो पुटपुटला.

इमामसाबनं तिथूनच बायकोला फोन लावला. "साबेरा, परदेशात जाऊ का?"

"जावा की! पर मीबी येणार."

चार महिन्यांनी तिकडून इमामसाबचा फोन आला. "मालक, पयला टॉवेल निघाला! पर एक घोटाळा झालाय."

"आता काय केलं?"

"टॉवेलला परक्यांचा शब्द नको, असं ठरलं हितं. नवा शब्द काय ठिवायचा म्हणून मला विचारलं. मला वाटलं, गाव विचारत्यात. आता अख्खा देश न्हाणीतनं वरडतोय मालक, 'सोलापूर द्या, सोलापूर द्या!'"