चार वायरी आणि चार लिंबं

यंत्राशी माणूस प्रामाणिक राहिला तर यंत्रही त्याच्याशी प्रामाणिक राहतं, असा पद्मनाभ देवस्थळींचा सिद्धान्त होता. तो त्यांनी गाडीचं बोनेट एकदाही न उघडता मांडला होता. आयुष्यभर ते सॉफ्टवेअरशी प्रामाणिक राहिले, आणि ऑगस्टात कंपनीने एका छोट्याशा व्हिडिओ कॉलवर त्यांना मोकळं केलं. पाठोपाठ कंपनीने दिलेली चकचकीत गाडीही गेली. उरली ती सासऱ्यांची जुनी पांढरी गाडी, बंगळुरात बेळ्ळंदूरच्या सोसायटीच्या तळघरात धूळ खात पडलेली.

नोकरी गेल्याचं सोसायटीत कुणालाही कळता कामा नये, यावर नवराबायकोचं एकमत होतं. कारण याच सोसायटीच्या सभागृहात देवस्थळींनी ‘मंदीतही नोकरी कशी टिकवावी’ या विषयावर भाषण दिलं होतं. बायको कस्तुरी ऑगस्टापासून सगळ्यांना सांगत होती, नवी गाडी सर्व्हिसिंगला गेलीय. देवस्थळी रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघत आणि इंदिरानगरच्या बागेत बसून संध्याकाळ करीत.

तेवढ्यात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, आली. त्या दिवशी सोसायटीतली प्रत्येक गाडी झेंडूच्या माळा घालून, चाकांखालची लिंबं चिरडत पुढे जाते आणि माइकवर मालकाचं नाव पुकारलं जातं. बिनगाडीचा माणूस लगेच डोळ्यांत भरला असता.

देवस्थळींनी जुनी गाडी आदल्या दिवशीच वर आणून ओळीत लावली. ती चालायची, पण खोकत खोकत. “स्पार्क प्लगच्या वायरी सडल्यात सर, बदलून टाका,” असं गॅरेजवाल्या शिवकुमारने कधीच सांगून ठेवलं होतं. मजुरी वाचवायची म्हणून देवस्थळींनी स्वस्तातल्या, चारही सारख्या लांबीच्या वायरी स्वतःच आणल्या. कुठलं टोक कुठे जाणार याच्या चिठ्ठ्या त्यांवर चिकटवल्या आणि त्या जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या.

“डॉक्युमेंटेशन चोख असलं की काही अडत नाही,” ते पूजेच्या सकाळी कस्तुरीला म्हणाले, आणि खाली जाऊन चारही जुन्या वायरी एका दमात उपटून आले.

परत येतात तो टेबल रिकामं. नव्या वायरी देवापुढे, स्वच्छ पुसलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू. शेजारी पक्कड, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. कस्तुरीची मावशी अंबूबाई बेळगावहून येऊन कधीची बंगळुरात स्थायिक झालेली. सणाला न चुकता यायची, तशी आजही आली होती आणि पूजा तिनेच मांडली होती.

“मावशी, चिठ्ठ्या कुठायत?”

“काढून टाकल्या की! पूजेच्या वस्तूला असले घाणेरडे कागद चिकटवतंय होय कोण, जावईबापू?”

“अहो, त्यावर सगळं लिहिलं होतं! द्या त्या वायरी इकडे.”

“अय्यो! आरती व्हायच्या आत पूजेतलं उचलायचं नसतं.”

देवस्थळींनी शिवकुमारला फोन लावला. मागे नादस्वर वाजत होता.

“सर, आज आयुधपूजा. पाने-पकडी सगळं देवापुढे आहे. परवा बघू.”

आरतीनंतर वायरी हाती आल्या. देवस्थळींनी तीन व्हिडिओ पाहिले. तिघांनी तीन क्रम सांगितले, आणि तिघांचाही आत्मविश्वास देवस्थळींच्या भाषणाइतकाच दांडगा होता. त्यांनी अंदाजाने वायरी खोचल्या. गाडी घुर्र करून गप्प. पुन्हा बदलल्या. पुन्हा घुर्र. तोवर कस्तुरीने बोनेटवर झेंडूची जाडजूड माळ आवळून बांधली होती.

“ही सोड आधी, बोनेट उघडायचंय!”

“आता कशी सोडू? भटजी शेजारच्या गाडीपाशी आलेत. सगळे बघतायत. तुम्ही नुसते हसत बसा आत.”

पूजा समितीचा श्रीहर्ष माइकवर होता. धारवाडचा, मराठी घरातलाच, पण कन्नड शाळेत शिकलेला. “बी ब्लॉक, देवस्थळी सार! स्वल्प हळू, लिंबं चुकवू नका!”

सारी सोसायटी मोबाइल उंच धरून उभी. देवस्थळींनी किल्ली फिरवली. घुर्र. परत फिरवली. घुर्र. कुणीतरी हसलं. मग त्यांनी, ज्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नाही अशा माणसाच्या शांतपणे, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवून धरली. इंजिनाने हात वर केलेलेच होते, पण स्टार्टर बिचारा बॅटरीच्या जिवावर गाडीला पुढे रेटू लागला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि मग सायलेन्सरमधून असा बार उडाला की भटजींच्या हातातला दृष्ट काढून फोडायचा कोहळा सुटून फुटला. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. चारही लिंबं चिरडली गेली. कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

श्रीहर्ष माइक बंद करून खिडकीशी आला. “फस्ट क्लास झालं सार. एक काम होतं. आपल्या पाण्याच्या टँकरचं सगळं सूर्यकांत सार बघत होते. त्यांना परवा जॉब लागला.”

“मग?”

“मग आता तुम्हीच बघा. दिवसा मोकळं असणारं माणूस लागतंय ना त्याला.”

देवस्थळींचा हात किल्लीवरच राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? ऑगस्टपासून सगळ्यांनाच माहिती आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी विचारलं नाही.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. देवस्थळींनी किल्ली फिरवली. आता घुर्रही झालं नाही.

“टँकर किती वाजता येतो?” त्यांनी विचारलं.

“सकाळी अकराला.”