तेराव्या दिवसाचे सोळाशे शब्द

"प्रतिभा वगैरे सब झूट! एका वेळी एकच गोष्ट बदला, मोजा, लिहून ठेवा. रोज हजार शब्द पडलेच पाहिजेत!"

जेवणाच्या टेबलावर असं ठणकावणारी मुलगी नुकतीच रसायनशास्त्राची पदवीधर झाली होती. घरी तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तिची पहिलीच कादंबरी अर्ध्यावर अडकली होती आणि संपादक बाईंनी बजावलं होतं, "तीस तारखेला हस्तलिखित हवं. नाहीतर तुमची जागा साबण करायला शिकवणाऱ्या पुस्तकाला!"

साबणाकडून हरायचं? रसायनशास्त्र शिकून?

एक तारखेला तिनं वही आखली. पहाटे पाच वाजता बसली: दोनशे बारा शब्द. सकाळी दहाला: एकशे नव्वद. कडक गरम चहा, कोमट चहा, निळे मोजे, अनवाणी... आकडा रुसलेल्या म्हशीसारखा जागचा हलेना!

तेराव्या दिवशी न्हाणीघराचा नळ गळू लागला. साठीचे प्लंबरकाका आले, दोन तास ठोकाठोक झाली आणि मोजपट्टीनं सोळाशे चाळीस शब्द लिहिले!

"सापडलं! ठोकाठोक लागते मला!"

पण एकदा आलेला आकडा म्हणजे योगायोग. प्रयोग पुन्हा व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी बेसिनच्या नळातला वॉशर गुपचूप तिच्या खिशात गेला. काका आले. पंधराशे ऐंशी! मग सिंकखालच्या पाइपाचा वॉशर. सतराशे!

"आपल्या नळांना साथ आलीय," बाबा हताशपणे म्हणाले.

आईचं निदान वेगळं होतं. तिनं लेकीला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग, प्लंबर आले की तुझा चेहरा का उजळतो गं?"

"आई, मला ते रोज हवेत!"

"अगं कार्टे, त्यांना नातवंडं आहेत!"

पंचवीस तारीख उजाडली. शेवटचं प्रकरण उरलं होतं. मोजपट्टीनं फ्लशच्या टाकीचा नट सैल केला, पण एक फेरा जास्तच! काकांचा हात लागताच नट उडाला, फवारा सुटला आणि पाणी थेट दिवाणखान्यात!

"राउटर जमिनीवर कोणी ठेवला?" दादा किंचाळला.

"मीच की," काका निथळत म्हणाले. "माझ्या दिव्याला प्लग नको? रोजच काढून ठेवतो तो डबा."

मोजपट्टीनं धावत जाऊन वही उघडली. काका आले की नेट जायचं खरं. मग नाइलाजानं ती लिहायला घ्यायची. वहीत चहाचं तापमान होतं, मोज्यांचा रंग होता. नेट चालू की बंद, एवढा एकच रकाना नव्हता!

तिनं खिशातले दोन वॉशर टेबलावर ठेवले.

"म्हणजे साथ तू आणलीस!" बाबा गरजले.

"एवढंच ना? सुटले बाई!" आई म्हणाली.

नवा राउटर यायला पाच दिवस लागले. घर सैरभैर झालं, कादंबरी मात्र पुरी झाली. तीस तारखेला हस्तलिखित पाहून संपादक बाई थक्क!

"एका महिन्यात? आमच्या इतर लेखकांनाही सांगा ना तुमचं तंत्र!"

मोजपट्टीनं घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर प्लंबरकाकांचा नंबर लिहून दिला.