ट्रकची बॅटरी आणि माझी पारख

वस्तू पारखावी तर भागीरथीनं, असं चामटोलीत कुणीही सांगेल. कुणी नाही सांगितलं तर मी सांगते! माठ मी बोटानं वाजवून घेते, नारळ कानाशी हलवून, सुकट नाकाला लावून. सून बघायला गेले तेव्हा पोहे खायच्या आधी तिला विहिरीवर पाणी शेंदायला लावलं. चौथीत शाळा सुटली माझी, पण आजवर एक फुटका माठ घरात आलेला नाही. तेव्हा बॅटरी घ्यायची ठरली, तर ती मीच निवडणार, यात विचारायचं काय होतं?

बॅटरी कशाला, ते सांगते. आमचे हे अंबरनाथला रंगाच्या कंपनीत सव्वीस वर्षं होते. सोमवारी हिरवे होऊन यायचे, मंगळवारी जांभळे. होळीला आम्ही कधी रंग विकत आणला नाही! वरचा रंग साबणानं गेला, आत गेला तो छातीत बसला. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात असे धापायला लागले, की लोहाराचा भाता बरा. डॉक्टर म्हणाले, "तोंडावर सतत वारा पाहिजे. एवढा उन्हाळा निघाला, तर पुढचं बघू." निघाला तर! आणि आमच्याकडे वीज सकाळी अकराला जायची ती चारला यायची. नेमका त्याच वेळात डोक्यावरचा पत्रा तापायचा, आणि ह्यांचा श्वास गळ्याशी येऊन अडायचा.

आमचा मुलगा किसन एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर माळी होता. मालक ते विकून गेला, आणि जाताना छतावरची सोलरची प्लेट किसनला देऊन गेला. ट्रकवाले लावतात तसला छोटा पंखाही किसननं कुठून तरी मिळवला. राहिली बॅटरी.

सून बकुळा म्हणाली, "आई, दुकानदाराला विचारून घ्या हं. सोलरची बॅटरी वेगळी असते म्हणतात."

"दुकानदाराला विचारून माल घ्यायचा म्हणजे बोक्याला विचारून दूध तापवायचं!" मी म्हटलं, आणि किसनला घेऊन निघाले.

उल्हासनगरला तीन नंबरच्या बाजारात एका सिंधी सेठचं बॅटरीचं दुकान होतं. सेठनं विचारलं, "अम्मा, घर में क्या चलाना है? किसके लिए?"

घरातलं दुखणं बाजारात मांडायची माझी रीत नाही. म्हटलं, "वो हमारा हम देखेगा. तुम माल दिखाव!"

त्यानं एक मध्यम बॅटरी पुढं केली. "ये ले जाओ. धीरे-धीरे देगा, सारा दिन देगा."

"किसन्या, उचल!"

किसननं उचलली. तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही. "ही नको. ती कोपऱ्यातली उचल." ती उचलताना किसनचे डोळे बाहेर आले, मानेची शीर दोरखंडासारखी फुगली, आणि तोंडातून बैलासारखा आवाज निघाला. म्हटलं, "हीच!"

"अम्मा, वो ट्रक का है!" सेठ ओरडला. "एक झटका देता है, गाडी चालू. बाद में इंजन उसको भरता है. रोज पूरा खाली करोगे तो मर जाएगा!"

"एवढा ट्रक हलवते, आणि टीचभर पंखा नाही फिरवणार? आम्हाला काय खुळे समजलात?"

सेठनं हात जोडले. मला वाटलं, हरला!

पहिले चार दिवस काय वारा होता म्हणता! भिंतीवरचं कॅलेंडर उडून चुलीत गेलं. हे दोन-दोन शब्दांवर थांबत म्हणाले, "भागे... कानटोपी... दे." मे महिन्यात कानटोपी! आळीतल्या बाया बघून गेल्या. मी प्रत्येकीला बॅटरी उचलून बघायला लावली.

तेवढ्यात पापडांचे दिवस आले. प्लेट होती मोरीच्या स्लॅबवर, काळीभोर, तव्यासारखी तापलेली. कोंबडी पोचत नाही, धूळ लागत नाही. असली जागा कुणी मोकळी सोडेल? मी तेलाचा हात फिरवला आणि उडदाचे पापड ओळीनं मांडले. एका उन्हात दोन कामं!

बकुळा लाटणं हातात घेऊन बघतच राहिली. "आई, पण प्लेटला ऊन..."

"तू लाट!"

पाचव्या दिवशी पंखा सुस्तावला. सहाव्या दिवशी पाती मोजता यायला लागली. मी लगेच ओळखलं, घरभेदी कोण ते! "बकुळे, माझ्या नवऱ्याचा वारा तुझ्या रेडिओनं खाल्ला!"

"आई, रेडिओ सेलवर चालतो!" तिनं मागचं झाकण उघडून दाखवलं.

"मग ते सेल आत लपवलेस कशाला?"

त्यावर ती बोलायचीच बंद झाली. आठ दिवस "हं" नाही की "हुं" नाही. मला बरंच वाटलं. घर कसं शांत!

तेराव्या दिवशी भर बाराला पंखा थांबला. ह्यांचे ओठ जांभळासारखे झाले. कंपनीनं सव्वीस वर्षांत पुष्कळ रंग दाखवले, हा मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. बकुळेनं सूप उचललं आणि वारा घालायला बसली. मी म्हटलं, "त्या सेठला आता बघतेच!" किसननं टेम्पो आणला. ह्यांनी माझं मनगट धरलं. "नको... जाऊ."

मला वाटलं, भांडायला नको म्हणतात. सोडवून घेतलं आणि निघाले.

दुकानात मी तोंड उघडायच्या आत सेठनं पाणी आणि भाजलेला पापड पुढं केला. त्यांची रीतच ती, दारात दुश्मन आला तरी आधी पापड-पाणी.

"ठेव तुझा पापड! मेलेली बॅटरी विकलीस मला!"

सेठनं बॅटरीला तारा लावून काटा बघितला. काटा हललाच नाही. "एकदम खाली. अम्मा, आपके वहाँ धूप नहीं आता क्या?"

आमच्या उन्हाला नावं ठेवतो! मी बरोबर आणलेली पिशवी काऊंटरवर उपडी केली. पुरावाच आणला होता ना! "ऊन नाही? हे बघ! त्याच प्लेटवर, एका दिवसात वाळलेत, कडकडीत!"

सेठनं एक पापड हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "प्लेट पे?"

"हां! पूरा प्लेट भरके! रोज!"

दुकानात पंखे होते, कुलर होते, सगळे चालू होते. तरी मला घाम फुटला. कारण किसन माझ्याकडे बघत होता आणि सेठ हसत नव्हता.

"बीमार कौन है घर में?" त्यानं हळूच विचारलं.

"मालक. श्वास..." मी काऊंटरवरचे पापड गोळा करायला लागले.

"पहले बोलना था ना, अम्मा."

ट्रकची बॅटरी त्यानं ठेवून घेतली, पहिल्या दिवशीची ती मध्यम बॅटरी स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. एका हातानं उचलली. मी दुसरीकडे बघितलं.

घरी आलो तेव्हा हे होते. बकुळेचे हात सुपासकट लटलटत होते, पण थांबले नव्हते. पंखा लागला. थोड्या वेळानं ओठांवर जरा रंग आला. हे म्हणाले, "कुठं... होतीस?"

"त्या सेठला चांगला झापून आले!"

हे हसले. मग खोकले, बराच वेळ.

उन्हाळा निघाला. डॉक्टर तेवढंच म्हणाले होते. मृग लागून दोन दिवस झाले होते. अकराला वीज गेली, पंखा चालू होता, बॅटरी भरलेली होती. वाऱ्याची काही कमी नव्हती, बायांनो! घेणाराच थांबला.

मग माणसं, रडारड, धावपळ. पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तर रिकाम्या खाटेवर तो चालूच. आभाळ भरलेलं, तीन दिवस ऊन नाही, तरी चालू! मी दारातच बसले.

सेठ खरं बोलला होता. हे मी किसनला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.