आण्णांचा काटा

आमच्या शेजारचे आण्णा माणसांचं वजन किलोत सांगत नाहीत, रव्यात सांगतात. रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप. आण्णांची हयात कोल्हापूरच्या गूळ बाजारात माल तोलण्यात गेली. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुना लोखंडी काटा त्यांनी घरी आणून पुढच्या सोप्यात मांडला. आता घरी येणारा आधी काट्यावर चढतो, मग त्याला चहा मिळतो. माझ्या सासूबाईंना त्यांनी चारचौघांत "अडीच रवं भरताय की" म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या आमच्याकडं मागच्या दारानं येतात.

मी भरलो पुरते तीन रवे.

"मास्तर, सकाळी खाताय काय?"

मी हुपरीच्या शाळेत शिकवतो. सकाळच्या बसच्या गडबडीत घरून उपाशी निघायचं आणि स्टँडवर दोन कटवडे हाणायचे, हा माझा शिरस्ता. डॉक्टरांनी तर साखर वाढली म्हणून गोळ्यांची भाषा सुरू केली होती. हे सगळं मी आण्णांना सांगितलं.

"दोन वडं खाऊन वर उपाशी म्हनून सांगतायसा? उद्यापासनं न्ह्यारी हितं."

आण्णा एकटेच राहतात. काकी गेल्या, लेक लग्न होऊन लांब गेली. पहाटे उठून ते मोडाची मटकी परतायचे, नाचणीची आंबील करायचे, आणि आम्ही समोरासमोर बसून जेवढ्यास तेवढी एकेक भाकरी खायचो. दुसरी मागितली की टोपल्यावर फडकं पडायचं. "चावून खावा. बस थांबती." बस थांबायची नाही. एकदा चुकली तेव्हा हेडमास्तरांना मी फक्त "चावत होतो" एवढंच सांगू शकलो.

दर रविवारी वजन. काट्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. "काटा खोटं बोलत न्हाय मास्तर. उभ्या जन्मात कुनाला छटाकभर कमी तोललं न्हाय मी." हे खरंच होतं. याच हट्टापायी ते मालकाशीही भांडले होते.

वर्षभरात माझा जवळजवळ अर्धा रवा उतरला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नकोत. आण्णांचे हे उपकार मी कशानं फेडणार? निदान त्यांची पहाटेची खटपट तरी वाचवावी म्हणून शनिवारी म्हणालो, "आण्णा, बायको आता आंबील शिकलीय. सोमवारपासून तुम्हाला त्रास नको."

"बरं झालं की," आण्णा म्हणाले, आणि हातातली भाकरी त्यांनी परत टोपल्यात ठेवली.

रविवारी शेवटचं म्हणून काट्यावर उभा राहिलो. आण्णांनी दांडीवरचं वजन सरकवलं, बराच वेळ बघितलं.

"वाढलंय, मास्तर. चांगलं दोन किलो."

आण्णा चक्क किलोत बोलले. मी खाली पाहिलं. पूर्वी खाली पाहिलं की नुसतं पोट दिसायचं. आता पावलं दिसली. माझी दोन, आणि काट्याच्या कडेला आण्णांच्या पायाचा अंगठा, घट्ट दाबलेला.

मी मान वर केली. आण्णा दांडीवरची नजर काढत नव्हते.

"खरंच वाढलंय आण्णा," मी म्हणालो. "उद्या येतो न्याहारीला."

"या की. दोन भाकऱ्या टाकतो."

त्यांनी हळूच पाय काढून घेतला. दांडी खाली आली. आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं नाही.