आईच्या मानेसाठी आलेलं स्थळ

ठरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं आत्यानं मला बजावलं होतं, पण गेल्या महिन्यात आईची मान बघायला एक इंजेक्शन आमच्या घरी आलं होतं.

आई येवल्यात पैठणी विणते. मानेपासून उजव्या हातात कळ उतरायची, म्हणून तीन महिने माग बंद होता. बोटांत धाग्याचा धोटा ठरत नव्हता. पुन्हा विणता येईल का, हे कुणी मोठ्यानं विचारत नसे.

इंजेक्शन वेळेवर आलं आणि खुर्चीत सरळ बसलं. मी पोहे पुढे केले.

"नको बाळ, आमचं काम रिकाम्या पोटीच चालतं."

"गुण सांगा," आत्या म्हणाली.

"नसेभोवतीची सूज उतरते, कळ कमी होते. मणक्यांची झीज मात्र माझ्याच्यानं भरून येत नाही."

"टिकणार किती?"

"कुठे काही आठवडे, कुठे काही महिने. काही घरी काहीच उपयोग झाला नाही."

बाबांनी चष्मा पुसला. "आणि दोष?"

"साखर थोडे दिवस वाढते. एखाद-दोन रात्री झोप येत नाही. क्वचित जंतुसंसर्ग. फार क्वचित नसेला किंवा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा. मग लकवासुद्धा."

बाबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"आमच्या ह्यांचं तर टक्कलसुद्धा टोपीखाली लपवलं होतं," आत्या शेवटी म्हणाली. "स्थळ चांगलं आहे."

रीतीप्रमाणे दोघांना ओसरीवर पाठवलं. मी पाणी द्यायला गेले.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?" इंजेक्शन विचारत होतं.

"नाही. पण भीती वाटते."

"वाटू द्या. डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर बघूनच सुई घालतात. कळ थांबली की व्यायाम मात्र तुम्हालाच करायचा. मी गेल्यावरसुद्धा."

आई बोटांकडे बघत राहिली. "कायमचं राहीन म्हणाला असतात, तर मी नकारच दिला असता," ती म्हणाली. "गुरुवार धरा."

गुरुवारी दवाखान्यात पार पडलं. पाच दिवस काहीच फरक नव्हता. आत्या स्थळाला नावं ठेवू लागली. सहाव्या दिवशी आईनं वेणी स्वतः घातली. नंतर अर्धा तास माग, मग व्यायाम, मग पुन्हा अर्धा तास.

इंजेक्शन आता आमच्यातच आहे. किती दिवस, ते कुणी विचारत नाही. आज पदरावरचा दुसरा मोर सुरू झाला, आणि आईच्या बोटांना रेशीम पुन्हा—

"शाल्मले! निळ्या रेशमाची कांडी संपली गं, दुसरी आण!"