बंद करून नेलेली सायकल

बायकोची इलेक्ट्रिक सायकल न्यायची, पण ती बंद करून न्यायची, असा निर्णय काशीनाथ रामटेके यांनी जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे घेतला. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म गेला, पण इतका तत्त्वनिष्ठ निर्णय त्यांनी कुठल्या फायलीवर घेतल्याचं ऐकिवात नाही. (घेतला असता, तर एव्हाना ते उपसचिव तरी झाले असते, नाहीतर अंदमानात तरी असते.)

झालं असं, की त्यांच्या स्वतःच्या सायकलचं मागचं चाक रात्रीतून बसलं होतं. लक्ष्मीबाई नगरचा पंक्चरवाला रविवारी ऊन पडल्याशिवाय दुकान उघडत नाही, आणि दिल्लीत जानेवारीत ऊन पडेलच असं नाही. एरवी काशीनाथरावांनी खुशाल रजई डोक्यावर ओढून घेतली असती. पण हा रविवार चुकवण्यासारखा नव्हता.

कॉलनीतल्या सायकलवाल्यांचे दोन गट आहेत. एक मोठ्या राउंडचा, जो गुरुग्रामला जाऊन पराठे खाऊन परततो. दुसरा छोट्या राउंडचा, जो बागेला वळसा घालतो आणि उरलेला वेळ जलेबीच्या दुकानासमोर पेन्शनवर बोलतो. काशीनाथराव पहिल्यापासून मोठ्या राउंडमध्ये. पण गेले कित्येक रविवार ते वसंत कुंजच्या चढावर मागे पडत होते आणि सगळ्यांना वर जाऊन थांबावं लागत होतं. शेवटी गटाचे म्होरके दीनानाथबाबू यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "रामटेके जी, अगले संडे देख लेते हैं. नहीं तो छोटा राउंड भी बढ़िया है."

तो मऊ आवाज आठवडाभर काशीनाथरावांच्या कानात होता. ऑफिसात बसल्याबसल्या त्यांना जलेबी दिसायची.

आता बॅटरीचं. गटात बॅटरीची सायकल चालणार नाही, हा नियम खुद्द काशीनाथरावांनीच चहा पिता पिता करून टाकला होता. गुरुग्रामचा कोणी हितेश तसली झकपक सायकल घेऊन आला होता. त्याला ते म्हणाले होते, "ज्याला चार्जर लागतो तो मिक्सर. सायकलला पाय लागतात." सगळे हसले. हितेशही हसला आणि पुन्हा आला नाही. काशीनाथरावांनी हा किस्सा घरी येऊन लुंबिनीबाईंना ऐकवला. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी "अच्छा" एवढंच म्हटलं, आणि पुढच्या महिन्यात स्वतःसाठी नेमकी तसलीच सायकल आणली.

लुंबिनीबाई ग्रंथपाल. भंडाऱ्याला असताना शाळेत सायकलनेच जायच्या. लग्न झाल्यावर ते सुटलं ते सुटलंच. मग बॅटरीवाल्या सायकलवरून त्या रविवारी आपल्या आपण निघू लागल्या. उन्हाळ्यात झळा सुरू व्हायच्या आत परत यायच्या. पावसाळ्यात बॅटरीला दुधाच्या पिशव्या बांधून जायच्या. दिवाळीनंतर धुरामुळे दोघंही घरात खोकत बसायचे, तेवढाच काय तो रविवारचा सहवास. 'बिचारी एकटीच फिरते,' असं काशीनाथरावांना वाटायचं आणि मनाला जरा टोचायचंही. एकदा तिला बरोबर न्यायला हवं, असं ते स्वतःशी म्हणायचे. पण नियम त्यांचाच होता, आणि आपला नियम आपणच मोडायचा म्हणजे दीनानाथबाबूंसमोर नाक कापलं जाणार.

तर त्या पहाटे लुंबिनीबाईंनी शाल गुंडाळून सायकल बाहेर काढली आणि चार्ज किती आहे ते बघायला स्क्रीन चालू केली.

"फुल आहे. आणि हे बघा, बंद करायची असेल तर हे बटण..."

"मला कळतं गं," काशीनाथराव म्हणाले. (हे वाक्य त्यांनी संसारात इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता त्याचा अर्थ 'नमस्कार' एवढाच उरला होता.) त्यांनी बटण टिचकीसरशी दाबलं. स्क्रीन काळी झाली. "झाली बंद. मी पायांनी जाणार."

"अहो, ते बटण..."

पण तोवर त्यांनी कानटोपी कानांवर ओढली होती.

गटाला त्यांनी सायकल आधीच दाखवून टाकली. लपवाछपवी हा त्यांचा स्वभाव नाही. दीनानाथबाबूंनी वाकून स्क्रीन तपासली, काळीच आहे अशी खात्री करून घेतली आणि चिंतेने म्हणाले, "यह तो बहुत भारी है, रामटेके जी. ऊपर से मोटर बंद."

"भारी तर भारी," काशीनाथराव म्हणाले.

आणि मग त्या धुक्यात एक अजब गोष्ट घडली. काशीनाथरावांच्या पायांत बळ आलं. मुनिरकापर्यंत त्यांना वाटलं, थंडीमुळे असेल. पुढे वाटलं, मेथीच्या लाडवांमुळे असेल. वसंत कुंजचा चढ लागला तेव्हा त्यांनी सवयीने दात आवळले, पण त्यांची पुढे गरजच पडली नाही. दीनानाथबाबू मागे पडले. जिममध्ये जाणारी पोरंही मागे पडली. काशीनाथराव चढ संपवून वर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लोकांची वाट पाहिली.

"क्या खाते हो, यार?" दीनानाथबाबूंनी धापा टाकत विचारलं.

"खाण्यावर काही नसतं," काशीनाथराव म्हणाले. "श्वासावर ताबा हवा. बाकी सगळं मनात असतं."

गुरुग्रामच्या उंच इमारतींखाली पराठे खाताना त्यांनी या विषयावर सविस्तर बोलून घेतलं. माणूस बाहेरच्या मदतीवर विसंबला की आतून पोकळ होतो, हा मुद्दा त्यांनी लोणचं वाढून घेताना दोनदा मांडला. पोरं मान डोलावत होती. छोट्या राउंडचं नावही कोणी काढलं नाही.

परतीच्या वाटेवर, मुनिरकाच्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी, ते बळ गेलं. हळूहळू नाही. एका क्षणी होतं आणि दुसऱ्या क्षणी नव्हतं. कोणी मागून कॅरियर धरून ठेवावा तशी सायकल जागच्या जागी जड झाली. काशीनाथरावांनी कसाबसा पाय टेकला आणि ते फूटपाथवर बसले. असं अचानक जाणारं बळ कसलं असतं, हे त्यांच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. ऑफिसातले दोघेजण असेच बसल्याबसल्या गेले होते.

सगळे गोळा झाले. काशीनाथरावांनी लुंबिनीबाईंना फोन लावला. कानटोपीतून नीट ऐकू येईना, म्हणून फोन दीनानाथबाबूंनी स्पीकरवर टाकून धरला.

"लुंबिनी, नीट ऐक. मुनिरकाच्या पुलापाशी माझ्या पायांतलं बळ गेलंय. काही झालं तर... तुला मी एकदाही बरोबर नेलं नाही. तो नियम मूर्खपणाचा होता. ते मिक्सरचं बोललो, तेही चुकलंच."

पलीकडे लुंबिनीबाई घाबरल्या होत्या, हे त्यांच्या पुढच्या शब्दांवरून कळलं.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"हात जड झालाय? चक्कर?"

"नाही. फक्त सायकल पुढे जात नाही."

आता लुंबिनीबाईंचा आवाज बदलला.

"अहो, सकाळी ते बटण दाबून धरलं होतंत, की नुसतं दाबलंत?"

"नुसतं. का?"

"नुसतं दाबलं की स्क्रीनचा दिवा जातो. मोटर चालूच राहते, पाय मारले की ढकलत नेते. तेच तर सांगत होते. बॅटरी संपली असेल."

दीनानाथबाबू नोकरीत काही वर्षं नागपूरला होते, त्यामुळे त्यांना मराठी नको तेवढं येत होतं. त्यांनी फोन अलगद परत दिला. ते हसले असते तर बरं झालं असतं. पण ते पुन्हा त्याच मऊ आवाजात म्हणाले, "कोई बात नहीं, रामटेके जी. होता है." मग पोरांना डोळ्यांनीच खुणावून ते सगळ्यांना घेऊन पुढे निघाले.

"तिथेच बसा," लुंबिनीबाई फोनवर सांगत होत्या. "क्षिप्रा मुनिरकातच राहते, तिला पाठवते. मी रिक्षाने येते."

"कोण क्षिप्रा?"

फोन बंद झाला होता.

थोड्या वेळाने गल्लीतून एक मुलगी चालत आली. "तुम्ही लुंबिनीकाकूंचे काका ना?" म्हणत तिने सायकलमधून बॅटरी अशी काढली, जसा कोणी घरचा डबा काढतो. ती लातूरकडची, यूपीएससीचा अभ्यास करणारी. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. भिंतीवर भारताचा नकाशा, खाली पुस्तकांची चळत, आणि खिडकीपाशी चार्जर.

"हा आमच्या सायकलच्या चार्जरसारखाच आहे," काशीनाथराव म्हणाले.

"काकूंचाच दुसरा आहे. दर रविवारी लागतो म्हणून इथेच ठेवतात." तिने चहा टाकला. "आम्ही सहाजणी जातो ना. आम्ही भाड्याच्या सायकलींवर, काकू पुढे. गेल्या वेळी सूरजकुंडला गेलो. मुलाखतीची तयारीपण त्याच घेतात, चढावर प्रश्न विचारून."

काशीनाथराव चहाच्या कपाकडे बघत राहिले. ज्या बिचारीला ते इतके महिने एकटी समजत होते, ती एकटी नव्हतीच. एकटं कोण होतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही, पण उत्तर आलं. त्यांची शिलाँगला बदली झाली होती तेव्हा मुलांच्या शाळा, त्यांच्या आईचं आजारपण, घराचं रंगकाम सगळं लुंबिनीने उरकलं होतं, आणि ते मात्र सगळ्यांना सांगत आले होते, की त्या काळात मी फार कष्ट काढले. कष्ट काढलेही होते. पण चढ इतका सोपा का गेला, हे त्यांनी कधी वाकून बघितलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यात थोडं बरंही वाटलं.

लुंबिनीबाई जिने चढून आल्या. आधी त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग नाडी पाहिली, आणि मगच भुवई वर केली.

"मी मोठा राउंड सोडतोय," काशीनाथराव म्हणाले. "पुढच्या रविवारपासून तुझ्याबरोबर येतो. मला घ्याल का तुमच्यात?"

लुंबिनीबाईंचा चेहरा मऊ झाला. किती वर्षांनी असं काही कानावर पडत होतं. "या की," त्या म्हणाल्या. "बॅटरीची सायकल आपण आळीपाळीने वापरू."

"नको, बॅटरी तुलाच. मी माझ्या साध्या सायकलवर येईन. स्वतःच्या पायांनी."

लुंबिनीबाईंनी क्षिप्राकडे पाहिलं. क्षिप्राने काकूंकडे पाहिलं आणि बराच विचार करून, अतिशय आदराने म्हटलं, "मग काका, तुम्ही शनिवारीच निघा."